जावईबापूंचा पेनड्राइव्ह

निरंजनरावांनी पेनड्राइव्ह काढला, त्याच्या टोकावर हलकेच फुंकर मारली आणि तो त्या लहानग्या लॅपटॉपच्या कडेला पुन्हा खुपसला. मग बटण दाबून त्यांनी एस्केपच्या कळीवर बोट आपटायला सुरुवात केली. पडद्यावर निळी चौकट उमटली. चौकटीत एकच ओळ होती, आणि ती लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कची होती. पेनड्राइव्हचे नाव तिथे नव्हते.

"ओळखच दाखवत नाहीये," ते म्हणाले.

"सावकाश होऊ द्या, जावईबापू," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "घाई कसली आहे?"

मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. ही फुंकर माझ्या तोंडून निघाली असती, तर माझ्या वडिलांनी तेवढ्यात चार वाक्ये ऐकवली असती, आणि त्यांतले शेवटचे शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत पोचले असते.

त्याला आता बरीच वर्षे लोटली. अधिक ज्येष्ठाचा महिना होता. माझी धाकटी बहीण वैजू आणि तिचे यजमान निरंजनराव पुण्याहून कऱ्हाडला आमच्याकडे आले होते. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचे, दिव्याच्या ताटात अनारसे मांडून त्याला ओवाळायचे, ही रीत आईने शेवटपर्यंत पाळली. तिच्यामागे अप्पांनी ती अधिकच कडकपणे चालवली. जावई घरात असेपर्यंत त्याने सांगितलेली बातमी सगळ्यांना नवी असे, आणि तो चुकला तर ती चूक कुणालाही दिसत नसे. मागे एकदा संगमावर उभे राहून निरंजनरावांनी कृष्णा कोणती आणि कोयना कोणती हे नेमके उलटे सांगितले होते. जन्मभर त्या घाटावर पोहलेल्या अप्पांनी तेव्हा "असं होय," म्हणून मान डोलावली होती.

अप्पा संस्कृतचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. एका जुन्या संस्कृत गद्यग्रंथाचे मराठी भाषांतर त्यांनी उतारवयात हाती घेतले होते. त्या ग्रंथातले एकेक वाक्य पान पान चालते. अरण्य आले की वृक्ष मोजून घेतल्याखेरीज ग्रंथकार पुढे पाऊल टाकत नाही. हात थरथरू लागल्यापासून अप्पा हे काम त्या अकरा इंची लॅपटॉपवर करीत. त्याची डिस्क मुळातच तोकडी. विंडोजच्या अपडेटांनी ती गळ्यापर्यंत भरून गेली, आणि सकाळी बटण दाबावे तर अप्पांची आंघोळ आटोपेपर्यंत पडदा उजळत नसे. त्यावर विंडोजऐवजी हलके लिनक्स टाकू या, असे मी कितीदा तरी सुचवले. मी शाळेत शिकवतो, आणि शाळेतली संगणकांची खोली माझ्याकडे असल्यामुळे हे काम माझ्या हातचे होते. अप्पांचे उत्तर ठरलेले असे.

"तू हात लावलास की वस्तू सुधारते, पण ती माझी राहत नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांत लॅपटॉपचे हे गाऱ्हाणे त्यांनी फोनवर वैजूला सांगितले. निरंजनराव पुण्याच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत अधिकारी. ते म्हणाले, मी आलो की लिनक्स टाकून देतो. "तुमच्यासारखा जाणकार असल्यावर मला काळजी कसली?" असे अप्पा म्हणाले. मी तेव्हा स्वयंपाकघरात चहाचे पातेले विसळत होतो. ते मी जरा जास्तच वेळ विसळले.

पहिल्या दिवशी रात्रीच्या पानावर वैजूने तिचा नेहमीचा विषय काढला. अप्पांनी आता पुण्याला राहायला यावे; डोळ्यांचे डॉक्टर तिकडे जवळ, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. हे आधीही झाले होते. अप्पा तिच्याकडे जात आणि आठवड्याच्या आत परत येत. कारण त्यांनी मला एकट्याला सांगितले होते: माणसे सोन्यासारखी आहेत, पण जावयासमोर दिवसभर सभेत बसल्यासारखे बसून पाठ धरते. या कारणावर माझा फार भरवसा होता.

त्या दिवशी मात्र अप्पांनी भाताचा घास हातात धरून क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "जावईबापूंनी हे यंत्र चालतं करून दिलं, तर येतो."

सगळे हसले. माझी बायको उज्ज्वला वाढता वाढता थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली, कारण तिला आमचे घर ठाऊक होते. फार पूर्वी एका लग्नात अप्पा गमतीने म्हणाले होते, की अमुक मुलगा मॅट्रिक झाला तर मी चहा सोडीन. तो मुलगा झाला. अप्पांनी चहा सोडला, तो कायमचा.

म्हणजे प्रश्न आता लिनक्सचा उरला नव्हता. ते यंत्र निरंजनरावांच्या हातून सुरू झाले, तर अप्पा जाणार होते.

आणि ते का सुरू होत नाही, हे मला ठाऊक होते. आमच्या शाळेला माजी विद्यार्थ्यांनी असलेच लहान लॅपटॉप दिले होते, आणि त्यांच्यापायी माझी एक अख्खी सुट्टी गेली होती. अशा यंत्राचा मेंदू चौसष्ट बिटांचा असतो. पण बटण दाबल्यावर त्या मेंदूला जागे करणारा जो आतला छोटा प्रोग्रॅम असतो, तो बत्तीस बिटांचा. त्याला बत्तीस बिटांचीच फाइल समजते. निरंजनरावांनी लिनक्स भरून आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये चौसष्टचीच होती. म्हणून तो त्यांच्या मोठ्या लॅपटॉपवर झटक्यात चाले आणि अप्पांच्या लॅपटॉपला दिसतसुद्धा नसे. उपाय एवढाच, की पेनड्राइव्हमधल्या योग्य फोल्डरात ती दुसरी, लहानशी फाइल नेऊन ठेवायची. माझ्याजवळ ती होती.

पण जावयाला चुकला असे म्हणायचे नाही, ही घरची रीत. पहिल्या संध्याकाळी मी नुसता घसा खाकरला, तेव्हा अप्पांनी भुवई वर करून माझ्याकडे पाहिले होते: "मुकुंद, ते बघताहेत ना." जेवणानंतर त्या भुवईचा मला फार आधार वाटू लागला. आयुष्यभर ज्या रीतीवर मी वाद घातले, ती रीत मी त्या दोन दिवसांत अक्षरशः पाळली. निरंजनरावांनी सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट नावाची राखण बंद केली. मी गप्प राहिलो. त्यांनी पेनड्राइव्ह पुसून पुन्हा नव्याने लिहिला. मी त्यांना पंख्याखाली बसायला सांगितले. स्टँडजवळच्या दुकानातून त्यांनी नवा पेनड्राइव्ह आणला. चौकटीत ओळ एकच राहिली.

"यंत्रच जुनं झालंय बहुधा," अप्पा त्यांना धीर देत म्हणाले. "तुमचा काही दोष नाही."

हे ऐकून मला समाधान वाटायला हवे होते. वाटले नाही. माझ्या वाट्याला आलेल्या दोषांची बेरीज मी मनाशी करू लागलो, आणि इतक्या सौम्य आवाजात ते मला कधी काही म्हणाल्याचे आठवेना.

दुसऱ्या रात्री जेवणे झाल्यावर आम्हा बापलेकांचे रोजचे भांडण झाले. विषय दिवाळीपासूनचा होता. भाषांतरात एक अरण्य लागले होते, आणि त्यात शाल, तमाल, हिंताल, बकुल अशी झाडांची दाटी होती. माझे म्हणणे, त्यांतली निम्मी झाडे मराठी वाचकाने पाहिलेली नाहीत, नुसत्या नावांनी सावली पडत नाही, ती काढावीत. अप्पांचे म्हणणे, माझ्यासारख्यांच्या हाती कुऱ्हाड दिली तर अरण्याचे पटांगण होईल. मी म्हणालो, तुम्ही वाचकाला वृक्षगणनेला बसवता. ते म्हणाले, तुला पाचवीत झाडाखाली बसवले होते तेव्हाही तू वर पाहिले नाहीस. उज्ज्वला ओटा पुसून झोपायला गेली, तरी आम्ही थांबलो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी घर पेंगुळले होते. अप्पा आतल्या खोलीत आडवे झाले होते. बाहेरच्या खोलीत निरंजनराव त्या लॅपटॉपसमोर बसले होते. एवढ्या उकाड्यातही अंगात शर्ट, आणि शर्टाची वरची गुंडी लावलेली. मी वर्तमानपत्र धरून समोर बसलो होतो.

"दादा," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "हे का अडलंय ते तुम्हाला माहीत आहे ना?"

मला खोटे बोलता येत नाही, टाळता येते. पण प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता.

"माहीत आहे."

"परवापासून?"

"परवापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही जावई आहात."

ते हसले. "तेच तर," म्हणाले. मग त्यांनी लॅपटॉप अर्धवट मिटला आणि आवाज खाली आणला. "काल तुमचं दोघांचं चाललं होतं ना, ते मी आत पडून ऐकत होतो."

"झोपमोड झाली असेल. उद्यापासून आम्ही—"

"झोपमोड नाही हो. हेवा वाटला."

मी वर्तमानपत्र खाली ठेवले.

त्यांचे वडील ते कॉलेजात असतानाच गेले होते, हे मला माहीत होते. त्यानंतर त्यांच्या घरात मोठ्याने बोलणारे कुणी उरले नाही, हे ते त्या दुपारी सांगू लागले. लग्न ठरले तेव्हा त्यांना वाटले होते, आता एक घर भांडायला मिळेल. "पण अप्पा माझ्याशी छापल्यासारखं बोलतात," ते म्हणाले. "मी नद्या उलट्या सांगितल्या, तर ते 'असं होय' म्हणाले. घरी गेल्यावर वैजू पोट धरधरून हसली. मला रडू आलं, खरं सांगतो. परक्या माणसालाच आपण असं सोडून देतो ना? इतक्या वर्षांत 'तुला काय कळतंय' असं एकदासुद्धा म्हणाले नाहीत ते मला."

मला एकाएकी फार बरे वाटू लागले. हा माणूस ज्याच्यासाठी तळमळत होता ते माझ्या घरात रोज रात्री ताटावर वाढले जात होते, आणि मी त्याला अपमान म्हणत आलो होतो. ज्याचे घर भरलेले असते त्याला देताना हात आखडावा लागत नाही. शिवाय माझा हिशेबही पक्का होता. यंत्र चालले, अप्पा पुण्याला गेले, तरी या माणसाशी त्यांना छापल्यासारखेच बोलावे लागणार होते. पाठ धरणार होती. आठवड्यात ते परत येणार होते.

मी उठलो, माझा पेनड्राइव्ह आणला आणि ती फाइल त्यांना दिली. कोणत्या फोल्डरात टाकायची ते सांगितले, आणि शेवटच्या टप्प्यावर मोबाइलचे नेट जोडून ठेवायला सांगितले, कारण तिथे यंत्राला हीच वस्तू पुन्हा लागते. त्यांनी सगळे स्वतःच्या हाताने केले. बटण दाबले, एस्केपवर बोट आपटले. निळ्या चौकटीत दुसरी ओळ उमटली. निरंजनरावांनी माझे मनगट घट्ट धरले आणि बराच वेळ सोडले नाही.

इन्स्टॉल व्हायला वेळ होता. पडद्यावर पट्टी सरकत होती, आणि मी औदार्याच्या भरात होतो. मी म्हणालो, "अप्पांचं भांडण हवं असेल, तर नम्रपणे मागून मिळत नाही. त्यांच्या मजकुराला हात लावावा लागतो."

"म्हणजे?"

मी त्यांना तो अरण्याचा उतारा सांगितला. कोणती झाडे काढावीत, का काढावीत, त्यावर अप्पा काय म्हणतात, आणि त्यावर आपण काय म्हणावे, हे सगळे मी क्रमाने सांगितले. स्वतःचा युक्तिवाद इतक्या नीटसपणे मांडायला मला क्वचितच मिळाले होते. समोरचा मध्ये तोडत नव्हता. निरंजनराव ऐकत होते, आणि मघाशी फाइलची सूचना ऐकताना त्यांच्या कपाळावर जी बारीक आठी होती, तीच आताही होती.

संध्याकाळी अप्पा लॅपटॉपसमोर बसले. पडदा त्यांच्या डोळ्यांदेखत उजळला. मराठी अक्षरे उमटली, जुन्या फाइली जागच्या जागी होत्या. त्या मी आधीच काढून ठेवल्या होत्या, आणि निरंजनरावांनी परत घातल्या होत्या. अप्पांनी मान वळवून जावयाकडे पाहिले आणि त्यांचे आभार मानायला सुरुवात केली. निरंजनराव प्रामाणिक माणूस. ते मध्येच म्हणाले, की फाइल दादांनी दिली म्हणून झाले.

"ती घरातलीच होती," अप्पा म्हणाले. "हात तुमचे."

मग त्यांनी भाषांतर उघडले आणि हळूहळू खाली सरकू लागले. एका ठिकाणी ते थांबले. मागे गेले. पुन्हा खाली आले.

"इथली झाडं कुठे गेली?"

त्यांनी पाहिले ते अर्थातच माझ्याकडे. "मुकुंद?"

"मी नाही."

"मी काढली," निरंजनराव म्हणाले.

वैजू शेंगा सोलत होती, तिचे हात थांबले. उज्ज्वला स्वयंपाकघराच्या दारात आली. आता अप्पा "असं होय" म्हणतील, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. मी तर त्या दोन शब्दांची मनातल्या मनात चव घेत होतो. ते शब्द अप्पांच्या ओठांपर्यंत आलेही असावेत. पण त्यांची नजर पुन्हा पडद्याकडे गेली.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" आवाज अजून पाहुण्याशी बोलतानाचा होता.

"कुणी नाही. पण तमालाच्या पुढे मला दिसेनासं झालं, अप्पा. नावं नुसती ऐकू येत होती. सावली पडत नव्हती."

ते वाक्य माझे होते.

"अरण्यात दिसेनासंच होतं," अप्पा म्हणाले. "वाचकानं तिथे हरवायला पाहिजे."

"हरवायला माझी ना नाही. पण हरवलेला माणूस घाबरतो तरी. मी घाबरलो नाही. मी कंटाळलो."

हे वाक्य मात्र मी शिकवलेले नव्हते. अप्पांनी चष्मा काढला. त्यांच्या मानेवरची शीर मला ओळखीची होती.

"अरे, कंटाळलास म्हणून झाडं तोडशील? उद्या उपाशी राहिलास तर देवळाचा कळस विकशील. तुला काय कळतंय त्यातलं?"

वैजूने "अप्पा" एवढेच म्हटले, तेही घशात. निरंजनरावांचे कान लाल झाले होते. "काही कळत नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापला. तो अपमानाने कापलेला नव्हता, हे तिथे फक्त मला ठाऊक होते. "कळत नाही, म्हणूनच विचारतोय. पटवून द्या."

"मग उभा काय राहिलास? खुर्ची ओढ. बस इथे."

ते बसले. वाद चालू झाला. माझ्या मुद्द्यांनी सुरुवात झाली आणि लवकरच तो अशा वाटेला लागला की माझे मुद्दे मागे राहिले. निरंजनरावांना संस्कृत येत नव्हते. त्यामुळे ते असे प्रश्न विचारीत, जे विचारायला मला लाज वाटली असती, आणि त्या प्रश्नांना उत्तर देताना अप्पा टेबलावर थापा मारीत होते. एकदा तर ते हसले. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "अप्पा, याच झाडांबद्दल मी मागे तुम्हाला—"

"तू जरा थांब, मुकुंद," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. "तो काय म्हणतोय ते ऐकू दे."

दिवेलागणीच्या सुमाराला निकाल लागला. "बरं, राहू देत तोडलेली," अप्पा म्हणाले. "पण बकुळीला हात लावशील तर याद राख." दिवाळीपासून त्या अरण्यातले एक पानही माझ्यासाठी हलले नव्हते.

निघण्याच्या दिवशी सकाळी मी अप्पांच्या खोलीत गेलो, तेव्हा ते पिशवीत धोतरे घालत होते. मी म्हणालो, तो शब्द गमतीतला होता, सगळे हसले होते, त्याला कुणी धरून बसणार नाही. अप्पा म्हणाले, गमतीतला असला तरी शब्द आपणच दिलेला असतो. मी म्हणालो, तुम्ही आठवड्याच्या आत परत याल. त्यावर ते वाद घालतील म्हणून मी थांबलो. त्यांनी वाद घातला नाही. "बघू," म्हणाले, आणि माझ्या दंडावर थोपटून पुढे म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. तू काय, आहेसच."

आठवडा गेला. महिना गेला. अप्पा आले नाहीत. गणपतीला चार दिवस आले, तेव्हा माझ्याशी फार गोड बोलले.

ते परत गेल्यावर एका संध्याकाळी मी फोन केला. वैजूने उचलला. तिच्या मागे कुणीतरी टेबलावर थाप मारल्याचा आवाज आला.

"थांब हं, दादा," ती म्हणाली. "त्यांचं दोघांचं चाललंय. मध्येच देऊ का?"

"नको. तसाच धर."

तिने फोन तिकडे धरला. अप्पा कडाडत होते आणि निरंजन मोठ्याने बोलत होता, अगदी मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. भांडण एका सरोवरावरून होते. त्यात कमळे किती ठेवायची, हंस आधी आणायचे की नौका, असे काहीसे. अप्पा माझ्याकडे होते तोवर सरोवर आले नव्हते. ते पान मी पाहिलेले नव्हते. फोन कानाशी धरून, मध्ये कुठे बोलायला जागा सापडते का, हे मी बराच वेळ ऐकत राहिलो.